‘अजून बीटाच?’ या प्रतिक्रियेला उत्तर

हायकू या मुक्तस्रोत, अजून बीटा म्हणजे अंतिम आवृत्तीआधीच्या चाचणी टप्प्यात असलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या महिनाभरातल्या घडामोडींवर मी लिहिलं होतं. त्याखाली ‘एक जुना वाचक’ यांनी लिहिलंय: ‘साहेब, जरा जमिनीवर या. दोन दशकं उलटली, अजून बीटाच. यात बातमी काय? तुम्ही बातम्या देत नाही, आरती ओवाळता. ग्राफिक्स कार्डचा उपयोग होत नाही, धड ब्राउझर नाही, अंतिम आवृत्ती कधी याचा पत्ता नाही, हे का लिहीत नाही? आणि ते संक्षेप तरी उलगडून लिहा.’

संक्षेपांचं बरोबर आहे. पुढच्या वेळेपासून पहिल्या उल्लेखाला पूर्ण नाव देईन.

आता आरतीकडे वळू. या लिखाणाचा मला एक पैसा मिळत नाही. महिन्याभरातले कमिट, म्हणजे कोडमधले नोंदवलेले बदल, चाळायचे, त्यातले कुठले सामान्य वापरणाऱ्याच्या कामाचे ते वेचायचे आणि मराठीत समजेल असं लिहायचं, यात संध्याकाळी जातात. ते आवडलं नाही तर ‘मला हे पटलं नाही’ एवढं सरळ म्हणता आलं असतं. ‘साहेब, जमिनीवर या’ हा सूर कशासाठी? मी कुणाचा भाट नाही आणि तुम्ही माझे परीक्षक नाही. मतभेदाचं मला वावडं नाही, पण टोमणा मारून मग शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं म्हणजे तो प्रश्न होत नाही.

‘दोन दशकं उलटली, अजून बीटाच.’ हे वाक्य फार ऐकलंय. म्हणणाऱ्याला त्या दोन दशकांत काय झालं ते बहुधा माहीत नसतं, म्हणून सांगतो.

हायकू म्हणजे बी या कंपनीच्या बीओएस या ऑपरेटिंग सिस्टिमचा नव्याने लिहिलेला अवतार. ती कंपनी मोडीत निघाली आणि २००१ मध्ये तिचं सॉफ्टवेअर व हक्क पाम या कंपनीने १.१ कोटी डॉलरला घेतले. बीओएसचा सोर्स कोड कुलपातच राहिला. बीने आधी खुले केलेले ट्रॅकर (फाइली हाताळणारा प्रोग्रॅम) आणि डेस्कबार (टास्कबारसारखी पट्टी) तेवढे हाती होते. कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, आधार मिळाला तो बीमध्येच काम केलेल्या एका अभियंत्याने लिहिलेल्या न्यूओएस या कर्नलचा. फाइल सिस्टिम, खिडक्या रंगवणारा सर्व्हर, ऑडिओ-व्हिडिओची यंत्रणा हे सगळं बाहेरून पाहून नव्याने लिहावं लागलं. तेही नोकऱ्या सांभाळून, रात्री जागून. शिवाय अट अशी की बीओएस ५ साठी बनलेले जुने प्रोग्रॅम ३२ बिट आवृत्तीत जसेच्या तसे चालले पाहिजेत. जीसीसी या कंपायलरच्या (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाच्या) तिसऱ्या आवृत्तीपासून सी प्लस प्लस भाषेतल्या प्रोग्रॅमची बायनरी रचना बदलली, त्यामुळे या मंडळींना १९९९ चा जीसीसी २.९५ आजतागायत जिवंत ठेवावा लागतो आणि त्याच्या शेजारी नवा कंपायलरही. जवळजवळ प्रत्येक लायब्ररी दोनदा बांधायची. हा हट्ट सोडला असता तर काम लवकर आटोपलं असतं, हे मीही मानतो. पण मग तो हायकू राहिला नसता.

पहिली अल्फा, म्हणजे बीटाच्याही आधीची कच्ची आवृत्ती, २००९ मध्ये आली, चौथी २०१२ मध्ये, आणि पहिली बीटा थेट २०१८ मध्ये. मधल्या सहा वर्षांकडे बोट दाखवून हसणारे पुष्कळ आहेत. त्या सहा वर्षांतच पॅकेज व्यवस्था, म्हणजे प्रोग्रॅम बसवण्याची-काढण्याची सोय, आली. हायकूत पॅकेज उलगडून फाइली डिस्कभर पसरत नाहीत, पॅकेजच फाइल सिस्टिमसारखं जोडलं जातं. त्यामुळे सिस्टिमचं फोल्डर फक्त वाचता येतं, कुठलाही प्रोग्रॅम तिथे घाण करू शकत नाही. अपडेटने घोळ केला तर सुरू होतानाच्या मेन्यूतून आधीची अवस्था निवडायची आणि कामाला लागायचं. ही सोय मी वापरली आहे, तिने माझं मशीन वाचवलंय. मग २०२०, २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये पुढच्या बीटा आल्या. थांबलेल्या गाडीचं हे वेळापत्रक नव्हे.

आणि हे मी ऐकीव सांगत नाही. २००० साली बीओएस ५ ची फुकट पर्सनल एडिशन निघाली, तेव्हा विंडोजमधल्या एका भल्यामोठ्या फाइलीत ती बसवून मी वापरली आहे. त्या काळच्या मशीनवर एकाच वेळी चार व्हिडिओ न अडखळता चालताना पाहिले आहेत. कंपनी गेल्यावर आता सगळं संपलं म्हणणारेही पाहिले आणि त्याच सुमारास नवा प्रकल्प उभा करणारेही. तुम्ही ‘जुना वाचक’ म्हणवता, तर तेव्हा कुठे होतात? (हा प्रश्न खोडणार होतो. राहू दे.)

‘यात बातमी काय?’ म्हणे. हायकू फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी या दुसऱ्या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिमचे वायफाय ड्रायव्हर एका जुळवणीच्या थरातून चालवतो. ‘वायफाय ड्रायव्हर अद्ययावत’ या एका रूक्ष ओळीचा अर्थ कुणाच्या तरी लॅपटॉपवर पहिल्यांदा नेटवर्क दिसलं, असा असतो. मोठी घोषणा करायला इथे कंपनी नाही. देणग्यांवर चालणारी एक ना-नफा संस्था आहे, ती एका डेव्हलपरला पूर्णवेळ कामाचा मोबदला देते. बाकीचे हौसेने येतात, थकतात, परत येतात. अशा प्रकल्पात बारीक दुरुस्ती हीच बातमी असते. ज्याला ती वाचायची नाही त्याने वाचू नये, जबरदस्ती नाही.

उरलेल्या मुद्द्यांवर फार लिहीत नाही. थ्रीडीचं काम बहुतेक ठिकाणी ग्राफिक्स कार्डऐवजी प्रोसेसरच करतो, हे हायकू वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे, त्यात मी लपवण्यासारखं काय? ब्राउझर म्हणाल तर फायरफॉक्सचं पोर्ट, म्हणजे हायकूसाठी जुळवलेलं रूप, आइसवीझल नावाने हायकूडेपो या प्रोग्रॅम उतरवून घेण्याच्या ठिकाणी आहे, शोधलं की सापडतं. अंतिम आवृत्तीची तारीख मला विचारू नका, मी ती ठरवत नाही.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही. तिच्यातला शेवटचा एक शब्द मात्र उडवलाय, तो कुठला हे तुम्हाला माहीत आहे.