रॉकेट पडलं की हसणाऱ्यांसाठी

सकाळी चहा घेताना शाळेच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. डावीकडे मस्कचं रॉकेट परत येऊन ताठ उभं राहतंय, उजवीकडे आपलं पीएसएलव्ही, आणि खाली ओळ: ‘त्यांचं घरी येतं, आपलं समुद्रात जातं’. त्यावर हसून लोळणाऱ्या इमोजींची रांग. हसणाऱ्यांत आमच्याच वर्गातले इंजिनिअर झालेले दोघे. डोकं फिरलं ते अजून ताळ्यावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

अरे बाबांनो, त्याच मस्कच्या फाल्कन-१ रॉकेटची पहिली तिन्ही उड्डाणं वाया गेली होती, २००६, २००७ आणि २००८. चौथं जमलं. २०२५ च्या मार्चमध्ये नॉर्वेतून उडालेलं जर्मन कंपनीचं स्पेक्ट्रम रॉकेट अर्ध्या मिनिटात पाण्यात पडलं. तिकडच्या लोकांनी नाही असे दात काढले. आपलं एसएलव्ही-३ सुद्धा १९७९ ला बंगालच्या उपसागरातच गेलं होतं, आणि पुढच्याच वर्षी रोहिणी उपग्रहाला वर सोडून आलं.

हो, मे २०२५ मध्ये पीएसएलव्ही फसलं, जानेवारी २०२६ मध्ये परत फसलं, दोन्ही वेळा घोटाळा तिसऱ्या टप्प्यात. पहिल्या अपयशाचा अहवाल लोकांसमोर ठेवला नाही, हे मलाही पटलेलं नाही. घ्या, मान्य. आणि मस्कचं आताचं रॉकेट फाल्कन-९ २०२५ या एका वर्षात दीडशेहून जास्त वेळा उडालं, तेही मान्य. पण त्यातली बहुतेक उड्डाणं कंपनीच्या स्वतःच्याच स्टारलिंकसाठी, म्हणजे इंटरनेट देणाऱ्या उपग्रहांसाठी. आपल्याच गाड्यावरची भजी आपणच उचलायची आणि खप मोजायचा, तसं.

मुळात ही मोजामोजीच मला कळत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपला सीएमएस-०३ उपग्रह गेला तेव्हा चॅनलवाले दिवसभर ‘४,४१० किलो, ४,४१० किलो’ करत होते. तो वर जाऊन करणार काय, ते दोन वाक्यांत आटपलं. नौदलाची जहाजं भर समुद्रात असताना त्यांचं बोलणं त्याच्यावरून चालणार आहे, हे आमच्या वास्कोत नौदलाच्या कुंपणाला लागून राहणाऱ्यांनाही माहीत नव्हतं.

मला रॉकेट म्हटलं की माझे शापोऱ्याचे मामा आठवतात. मामांचा ट्रॉलर आहे. २०१९ च्या दिवाळीत क्यार चक्रीवादळ आलं तेव्हा ते मालवणच्या बाजूला बाहेर होते. किनाऱ्यापासून लांब गेलं की मोबाईल म्हणजे नुसती टॉर्च. वादळ आकाशातून स्वच्छ दिसत होतं. इनसॅट-३डी आणि ३डीआर हे हवामानाचे उपग्रह वरून सतत फोटो काढत होते, हवामान खात्याचे इशारे निघत होते, टीव्हीवर गोल गोल फिरणारं पांढरं चक्र सगळा गोवा बघत होता. बघत नव्हते ते एकटे मामा. त्यांना कळलं ते शेजारच्या ट्रॉलरवाल्याने वायरलेसवर शिव्या घालत ‘मागे फिर’ म्हटलं तेव्हा. देवगडला आसरा घेतला. इकडे पोरं नरकासुर जाळायला गेली होती आणि मामी फोन मुठीत धरून पायरीवर बसून होती. दुसऱ्या दिवशी पोहे कालवले गेले, पण खाल्ले कोणी नाहीत.

मामा नशीबवान. २०१७ च्या ओखी वादळात केरळ-तमिळनाडूचे कितीतरी मच्छीमार परत आले नाहीत, त्यांच्यातले बरेच इशारा निघण्याआधीच दूर गेलेले होते. त्यांच्यापर्यंत निरोप न्यायला काहीच नव्हतं.

आता नेणारी वस्तू आहे, आणि ती इस्रोनेच केलीय. ट्रान्सपॉन्डर. सॅटेलाइटवरून निरोप येतो, आपला जातो, संकटात बटण दाबता येतं. देशभरात एक लाख बोटींवर बसवायची योजना आहे. मामांच्या बोटीवरही बसलाय. बसवायला आलेली पोरं स्क्रू पिळून, सही घेऊन गेली. मोबाईलवरचं ॲप कसं चालवायचं, हे सांगितलंच नाही. मी गेले तेव्हा त्या पांढऱ्या डब्यावर ओडिशाच्या खलाशाचा टॉवेल वाळत होता.

मासे कुठे मिळतील तेही वरून कळतं. ओशनसॅट उपग्रह पाण्याचा रंग बघतो, म्हणजे शेवाळासारखं बारीक प्लवक कुठे दाटलंय ते. त्याला समुद्राच्या तापमानाची जोड देऊन हैदराबादची इन्कॉइस संस्था सांगते: अमुक दिशेला, इतक्या किलोमीटरवर, इतक्या खोलीवर बघा. बांगडा, तारली त्या प्लवकामागे येतात. ढग आले की हे आंधळं, ते सोडा. पण हा सल्ला ज्या फलकावर झळकायचा, तो जेटीवरचा फलक बंद आहे. काचेवर कावळ्यांनी शिटून ठेवलंय आणि कडेला भाड्याच्या स्कूटरची जाहिरात चिकटवलीय. मामा म्हणाले, “सॅटेलायटाक सगळें दिसता गो. पूण म्हाका सांगपाक कोण येता?”

ह्याला उत्तर काय देणार?

सॅटेलाइट आपलं काम करतोय हो. जुलै २०२५ मध्ये निसार उपग्रह गेला, बारा मीटरचा अँटेना उघडून बसलाय, रडारने ढगांतून, रात्रीच्या अंधारातूनही जमीन बघतो, दर बारा दिवसांनी तीच जागा परत. चार महिने ढगाखाली असणाऱ्या आपल्या गोव्यासाठी हे केवढं मोठं आहे! खाजनांचे, म्हणजे खाडीकाठच्या शेतांचे बांध, खारफुटी, पुराचं पाणी, सगळं भर पावसात दिसू शकतं. ते बघून बांध फुटायच्या आत कोणी माणूस पाठवेल का, हा प्रश्न श्रीहरिकोट्याचा नाही. पडतंय ते शेवटचं पाऊल, जमिनीवरचं, ऑफिस ते जेटी एवढंच. त्यावर मीम करा की. हिंमत आहे?

असो. चिडून फार लिहिलं. ज्यांना ते ट्रान्सपॉन्डरचं ॲप खरंच चालवता येतं त्यांनी इनबॉक्समध्ये या. शापोऱ्याला एक दिवस बोटी चालवणाऱ्या सगळ्या तांडेलांना बसवून शिकवूया, बांगड्याचं हुमण मामीकडे. आणि कॉमेंटमध्ये ‘आधी रस्त्यांचे खड्डे बुजवा’ घेऊन येणाऱ्यांनो, खड्ड्यांवर मी गेल्या पावसात लिहिलं होतं. तेव्हा तुमच्यातलं कोणी साधं लाइक करायलाही फिरकलं नव्हतं.