चिरा काळा करायचा की पांढरा?

गोव्यात राहून काळेपांढरे रोल कसले वापरतेस गो, हे मला दर चवथीला घरी जमलेल्या प्रत्येकाकडून ऐकावं लागतं. वर गणपतीपुढे टांगलेली, सुपारीच्या घोसांनी भरलेली माटोळी, खाली नव्या कपड्यातली पोरं आणि मी कॅमेऱ्यात एचपी५ हा काळापांढरा फिल्म रोल भरून उभी. मग कोणतरी काका समजूत काढतो, असू दे रे, तिला जुन्या काळाची हौस आहे. नाही हो काका, जुन्या काळाशी माझं काही देणंघेणं नाही.

आपला चिरा घ्या, भिंतीचा जांभा दगड. लाल. त्यावर पावसात चढलेलं शेवाळ हिरवंगार. पण साध्या पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळे रंग टिपणाऱ्या रोलवर दोन्ही जवळजवळ एकाच राखाडीत येतात, अख्खी भिंत सपाट. आता लेन्सवर हिरवा फिल्टर लावा, शेवाळ उजळतं, चिरा काळवंडतो. लाल लावला तर बरोब्बर उलटं, चिरा फिकट, झाडं काळी, आणि चवथीनंतरचं स्वच्छ निळं आकाश तर पार काळपट (लाल फिल्टर तीनेक स्टॉप, म्हणजे तीनदा निम्मा करत उजेड खातो, ४०० स्पीडचा रोल ५० सारखा मंद वागतो, ट्रायपॉड न्या). म्हणजे लाल काळा करायचा की पांढरा हे बटण दाबायच्या आधी ठरवायचं आणि ठरलं की ठरलं. फोनवर नंतर स्लायडर हलवता येतात, हलवा की, मीही हलवते, पण भिंतीसमोर उभं राहून डोकं चालवायची मजा त्यात नाही म्हणजे नाही.

कुंकवाचं तर अजून भारी. माझ्या पणजीच्या वेळच्या फोटोंत कुंकू काळंभोर दिसतं, कारण तेव्हाच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसतच नसे. आजच्या रोलवर तेच कुंकू राखाडी, आणि लाल फिल्टर लावलात तर कपाळावरून गायब! माझी मावशी हे खपवून घेणार नाही, म्हणून तिच्यासाठी इल्फर्डचा ऑर्थो प्लस, तसाच लाल न दिसणारा रोल. त्यात ओठ आणि चेहऱ्यावरचे डागही गडद येतात, ते तिला अजून सांगितलेलं नाही.

छायाचित्रकार प्रबुद्ध दासगुप्तांनी गोव्यातल्या ख्रिस्ती घरांमधली माणसं ब्लॅक अँड व्हाइटमध्ये काढलीत, ती बघा एकदा. निळ्या समुद्रावाचून काही अडत नाही.

त्रास आहे तो डेव्हलपिंगचा. डी-७६ या डेव्हलपर रसायनात एचपी५ ला २० डिग्रीला साडेसात मिनिटं लागतात, आणि मे महिन्यात डिचोलीत नळाचं पाणीच तिशीला टेकलेलं. तेवढ्या गरम पाण्यात वेळ चार मिनिटांच्या खाली येतो आणि डेव्हलपिंग एकसारखं होत नाही, म्हणून बादलीत बर्फ टाकून बाटल्या त्यात उभ्या करायच्या, थर्मामीटर बघत बसायचं, आणि आई विचारणार फ्रिजातला बर्फ कुणी संपवला. पावसाळ्यात निगेटिव्ह वाळता वाळत नाहीत, लेन्सवर बुरशी चढते ती वेगळीच. रोल हजाराच्या घरात गेलाय. तरी घेते.

बरं, मुद्द्याचं. फोंडा, म्हापसा, मडगाव कुठेही बंद पडलेल्या स्टुडिओत एन्लार्जर (निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो काढायचं यंत्र) धूळ खात असेल तर इनबॉक्स करा. लेन्स नसली तरी चालेल, टेम्पो घेऊन मी येते.