खारीचा अर्धा गुण

अर्धा गुण. पूर्ण एकसुद्धा नाही. आणि तो कन्येचा गेला असं कागदावर असलं तरी गेलाय माझा, कारण खारीचं उत्तर माझं होतं.

'प्राण्यांचे आहारानुसार वर्गीकरण करा.' तीन रकाने, वीस प्राणी. मी खार मिश्राहारीत टाकली, बाईंनी तिच्याभोवती लाल गोल काढला. पालकसभेत मी विषय काढला, तर म्हणाल्या, "खार दाणे खाते." मी म्हटलं, "खाते ना, पण किडेही खाते, पक्ष्यांची अंडी पळवते, वेळ आली तर पिल्लंही सोडत नाही." बाईंनी शांतपणे शिक्षकांची पुस्तिका उघडून माझ्याकडे फिरवली. पुस्तिकेतली खार शाकाहारी होती. ती बिचारी कधी कुणाच्या घरट्यात शिरलीच नसावी.

एवढ्यात मागच्या खुर्चीवरचे गृहस्थ पुढे सरकले. त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं.

"इतकं अवघड नाहीये हो," ते म्हणाले. "पाणी कसं पितो ते बघायचं. जिभेनं लपलप प्याला की मांसाहारी. ओठ बुडवून शोषलं की शाकाहारी. संपलं."

"बेडूक?" मी विचारलं.

"बेडकाचं काय?"

"तो तोंडानं पाणी पितच नाही. कातडीतून शोषून घेतो. आणि खातो किडे."

गृहस्थांनी क्षणभर विचार केला. "बेडूक प्राण्यांत धरत नाहीत."

"मग कशात धरतात?"

"बेडकांत."

बाईंनी मान डोलावली. हे मला जास्त लागलं. माझ्या अंड्यांना पुरावा मागितला होता, यांच्या बेडकाला मात्र मान.

मग गृहस्थ डोळ्यांवर आले. डोळे समोर असतील तर शिकारी, बाजूला असतील तर चरणारा. मी शार्कचे डोळे बाजूला असल्याचं सांगितलं. "ते पाण्यात," म्हणाले. पाण्यात डोळे बाजूला सरकतात की काय, ते स्पष्ट झालं नाही. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं आणि सहानुभूतीनं म्हणाले, "तुमचे समोर आहेत."

"तुमचेही समोरच आहेत."

"हो, पण मी नजर खाली ठेवतो. बारा वर्षं झाली."

यावर काय बोलणार? मी बाटली उघडून पाणी प्यायला लागलो, तर ते वाकून माझे ओठ बघायला लागले. ठसका लागला. थोडं पाणी हनुवटीवरून ओघळलं. "बघा," ते बाईंना म्हणाले, "मिश्र."

खरं सांगायचं तर या वीस प्राण्यांसाठी मी आदल्या रात्री दोन तास घालवले होते, आणि त्यात जे सापडलं त्यानं माझी झोप उडाली होती. लिनीयस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञानं 1758 साली प्राण्यांची पद्धतशीर मांडणी केली, तेव्हापासून माणसं प्राण्यांना खणांत बसवताहेत आणि प्राणी खणांतून पाय बाहेर काढताहेत. पांडाच घ्या. गण मांसभक्षकांचा, आतडं मांसभक्षकासारखं आखूड, आणि हा दिवसाला 12 ते 38 किलो बांबू रिचवतो. त्यातलं फार थोडं पचतं, म्हणून पठ्ठ्या दिवसभर खातच बसतो. हरणं आणि जिराफ जंगलात पडलेली हाडं चघळतात, कारण गवतापाल्यातून फॉस्फरस आणि कॅल्शियम पुरेसं मिळत नाही. मांजराला गोड चवच कळत नाही, म्हणजे निदान तिथे तरी वाद नाही. आणि डास! नर जन्मभर फुलातला रस पितो. मादीही पितेच, पण अंडी घालायची वेळ आली की आपल्या दंडावर बसते. एकाच जातीची नवरा-बायको दोन रकान्यांत. आता डास कुठे लिहायचा? वीसांच्या यादीत डास नव्हता, हे नशीब.

हरणाचं मी गृहस्थांना सांगून बघितलं. ते म्हणाले, "चघळतं ना? गिळत नाही ना? मग झालं तर." कुत्राही बराच वेळ चघळतोच, असं म्हणणार होतो, पण तोवर बाईंनी पुढच्या पालकांना हाक मारली होती. पुढचे पालक म्हणजे हेच. त्यांच्या मुलाला वीसपैकी वीस होते. पाणी पिण्याची पद्धत बघून मिळवलेले.

राग खारीचा नाहीये. खारीला मी कुठे लिहिलं यानं तिच्या पोटात काही फरक पडत नाही. पण निघताना बाई हळूच म्हणाल्या, "पुढच्या वेळी तिला स्वतःला करू द्या हं," आणि तेही त्या गृहस्थांसमोर. त्यांनी नजर खाली ठेवली. मुद्दाम.

चुकलेलं उत्तर पाच वेळा लिहून आणायचं होतं. कन्येनं वही माझ्यापुढे सरकवली. "बाबा, तू सांगितलं होतंस, तूच लिही."

'खार शाकाहारी आहे' असं मी चार वेळा नीट लिहिलं. पाचव्या वेळी मध्ये 'बहुतेक' घातलं. कन्येनं खोडरबर आणलं, 'बहुतेक' पुसलं, वर फुंकर मारली आणि वही दप्तरात टाकली.