लाजाळूचा गुलाबी रंग पाकळ्यांचा नव्हे

लाजाळूच्या फुलाला ‘नाजूक गुलाबी पाकळ्यांचा गोंडा’ म्हणणारे, लाजाळूवरच्या एका लेखातील वाक्य वाचायला गोड असले, तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते दोनदा चुकते. एक तर तो गोंडा म्हणजे एकच फूल नसून देठावर दाटीने बसलेल्या अनेक चिमुकल्या फुलांचा गेंद आहे, आणि दुसरे म्हणजे आपल्याला दिसणारा गुलाबी रंग पाकळ्यांचा नसून पुंकेसरांच्या, म्हणजे फुलातील पराग देणाऱ्या भागांच्या, लांब तंतूंचा आहे. कुंडीतला असा एक गेंद मी भिंगाखाली सुईने सोडवून पाहिला, तेव्हा प्रत्येक फुलातून चार गुलाबी तंतू बाहेर आलेले दिसले. पाकळ्या मात्र इतक्या लहान होत्या की मुद्दाम शोधाव्या लागल्या.

त्याच लेखातले ‘पाने मिटतात’ हे म्हणणेही थोडे ढोबळच. संयुक्त पानावरच्या पर्णिका, म्हणजे एकाच पानाचे छोटे छोटे भाग, जोडीजोडीने मिटतात, आणि धक्का जोराचा असेल तर देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर भागातील पेशींमधून पाणी निघून गेल्याने सबंध पान खाली झुकते. मिटणे आणि झुकणे या दोन वेगळ्या हालचाली आहेत; लेखात दुसरीचा उल्लेखच नाही.