'तोंडाला ब्लीच फासायला सांगता' म्हणणाऱ्या वाचकांना

पिंपल्सवर २.५ टक्के बेन्झॉईल पेरॉक्साईडचं मलम लावा, या माझ्या पोस्टवरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि झोपच उडाली. तुमचं म्हणणं असं की २.५ टक्क्यांनी पिंपल्सचं काही वाकडं होत नाही, १० टक्केच लावावं, त्यात बेन्झीन हे कॅन्सरकारक रसायन तयार होतं ते मी लपवलं, माझ्या नादाने तुमचा नवा टॉवेल गेला, आणि वर "डॉक्टर नसताना पोरांना तोंडाला ब्लीच फासायला सांगता, लाज वाटत नाही?"

टॉवेलचं मान्य. रंग उडतो, पांढरेच टॉवेल वापरा, हे लिहायला विसरले, आज पोस्टमध्ये घातलं.

पण 'फासायला'? अहो, मी 'वाटाण्याएवढं घ्या, पातळ थर लावा' लिहिलंय, फासणं तुमच्या पदरचं. आणि टॉवेलचा रंग गेला म्हणून ते फरशी पुसायचं ब्लीच होत नाही हो. ते त्वचेत ऑक्सिजन सोडतं, पिंपलमधल्या जंतूंना तो सोसत नाही, ते मरतात, मागे बेन्झॉइक ॲसिड उरतं. अँटिबायोटिकला हे जंतू सरावतात, याला नाही, म्हणून तर क्लिंडामायसिन या अँटिबायोटिकच्या जोडीला डॉक्टर हेच देतात. डॉक्टर, हां, मी नाही.

आणि लाजेचंच काढलंत म्हणून सांगते. सोळाव्या वर्षी मीही तुमच्यासारखीच शहाणी होते, जास्त टक्के म्हणजे जास्त गुण, १० टक्क्यांची ट्यूब सकाळ-संध्याकाळ चोळली. चौथ्या दिवशी ओठांच्या कडेची सालं निघायला लागली, हसलं की चिरायचं, साधं पाणी लागलं तरी आग, आणि निळ्या अभ्र्यावर गालाएवढा नारिंगी डाग पडला तो मी अजून जपून ठेवलाय. मग त्वचेच्या डॉक्टरांनी २.५ वर आणलं, एक दिवसाआड, वर मॉइश्चरायझर. आठ आठवडे लागले. आठ! तुम्ही किती दिवस लावलंत ते प्रतिक्रियेत कुठे दिसलं नाही. गुण दोन्हींचा जवळपास सारखाच, १० मध्ये जळजळ तेवढी जास्त, म्हणजे तुमच्या पहिल्या मुद्द्याचं उत्तर यातच आलं.

बेन्झीनचं म्हणाल तर ट्यूब उन्हात, गरम गाडीत ठेवू नका, एक्सपायरी झालेली टाका, हे पोस्टच्या शेवटी आहे, तिथपर्यंत वाचायचं नसेल तर माझा इलाज नाही.

आणि १० टक्केवालीच अजून लावत असाल तर दोन-चार दिवस बंद ठेवा. तुमच्या लिहिण्यावरून तरी बरीच आग होत असावी.