गोठेवाल्यांनो, मशीन घ्या आणि आराम करा!

समजा तुम्ही १९१० च्या आसपास अमेरिकेत विस्कॉन्सिनला राहताय, दावणीला दहा-बारा गाई आहेत आणि कष्टाने पार पिचून गेलायत, तर माझा फुकटचा सल्ला ऐका. मशीन घ्या.

आधी क्रीम सेपरेटर. स्वीडनच्या दे लाव्हालने १८७८ लाच करून ठेवलंय, हँडल फिरवा की साय एकीकडे न दूध एकीकडे, आणि काही मॉडेलमध्ये तर तुमचा हात मंदावला की घंटाच वाजत राहते, म्हणजे ओरडायला वेगळा मुकादम नको. साय क्रीमरीला, म्हणजे लोणी करणाऱ्या कारखान्याला, उरलेलं दूध वासरांना न डुकरांना. बायको इतकी वर्षं लोणी काढून विकायची, त्यात किराणा भागायचा, आता तो पैसा क्रीमरीकडून थेट तुमच्या हातात. तिला वाईट वाटू नये म्हणून सेपरेटरच्या आतल्या चकत्यांची ती चळत रोज धुवायला द्या, एकेक सुटी करून. माणसाने रिकामं बसू नये.

दुधात पाणी घालायचं मात्र विसरा. विद्यापीठातल्या बॅबकॉक साहेबांनी १८९० ला सल्फ्युरिक ॲसिड घालून फॅट मोजायची टेस्ट काढली, वर पेटंटही घेतलं नाही. काय बोलणार अशा माणसाला!

मग सायलो बांधा, म्हणजे ओला चारा मुरवून साठवायची उंच कोठी. पूर्वी हिवाळ्यात वैरणीची बोंब, गाई भाकड आणि तुम्ही शेगडीपाशी. आता मुरघास आहे, भर बर्फातही धारा चालू, सुट्टीत काय करायचं हा प्रश्नच मिटला.

विसाच्या दशकात गाईच्या पोटाखाली पट्ट्याला लटकणारी मिल्किंग मशीनची बादली मिळेल, तीही घ्या. वीज? ती शहरात, खेड्यांसाठीची सरकारी योजना यायला १९३५ उजाडेल, तोवर पेट्रोलचं इंजिन फटफटू द्या. शेवटची धार हातानेच काढावी लागेल, पण बाकी वेळ वाचतो ना, त्या वेळात अजून दहा गाई घ्या, नाहीतर मशीनचा हप्ता कुठून भरणार? शेजारीही तेच करतोय, काळजी नको.

पुढे मंदीत भाव कोसळले आणि १९३३ च्या संपात सगळे रस्त्यावर दूध ओतायला निघाले तर तुम्हीही जा, नॅशनल गार्डची, म्हणजे राज्याच्या राखीव फौजेची, माणसं दिसली तर जरा जपून, आणि ओतून झालं की लगेच घरी या, संध्याकाळच्या धारा व्हायच्यात.