पहिले सहा महिने वगळू नयेत

‘मुलग्यांमध्ये टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) जन्मापासून बाराव्या वर्षापर्यंत सुप्तच असते’ हे लेखातील विधान खटकले. पहिला आठवडा उलटला की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच आणि एफएसएच ही वृषणांना चालना देणारी संप्रेरके पुन्हा स्रवू लागतात, टेस्टोस्टेरॉन १ ते ३ महिन्यांच्या वयात सर्वाधिक होते आणि सहाव्या महिन्याच्या सुमारास ओसरते. खरी सुप्तावस्था त्यापुढची.

या सहा महिन्यांचे महत्त्व मी घरीच पाहिले. माझ्या भाच्याचे एक वृषण जन्मतः खाली उतरलेले नव्हते. ‘मोठा झाला की उतरेल’ असे घरची वडीलधारी मंडळी म्हणत होती, पण बालरोगतज्ज्ञांनी सहा महिन्यांपर्यंतच वाट पाहिली आणि मग शस्त्रक्रिया सुचवली, कारण त्यानंतर ते आपोआप उतरण्याची शक्यता फारच कमी असते. या संप्रेरकांच्या कमतरतेची शंका असलेल्या बाळाची रक्ततपासणीही याच पहिल्या सहा महिन्यांत उपयोगी पडते. पुढे सगळ्यांचीच पातळी नगण्य असताना तपासून काय हाती लागणार?